मालकाचा नंबर

‘खातं सुरू ठेवण्यासाठी मालकाच्या मोबाइलवर सहा आकडी कोड पाठवला आहे,’ असं पडद्यावर पुन्हा उमटलं आणि सुशांतने पुन्हा कपाळाला हात लावला. मालक म्हणून लावलेला नंबर लक्ष्मीकांतचा होता. लक्ष्मीकांत नोकरी सोडून कायमचा रत्नागिरीला गेला, त्याचा इक्कामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, रद्द झाला आणि त्याबरोबर कुवेतचं सिमही गेलं. निरोपाला भाषणं झाली, घड्याळ दिलं गेलं. खात्यावरचा नंबर बदलायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

कुवेतच्या रिग्गई भागातल्या त्या ऑफिसात सुशांत आणि तारा मिळून एका दवाखान्यांच्या साखळीचं सॉफ्टवेअर सांभाळत. आज सकाळपासून रक्ताच्या रिपोर्टात साखरेचा आकडा चुकीचा छापला जात होता, म्हणून लॅबमधल्या पोरी रिपोर्ट हाताने लिहीत बसल्या होत्या. एखादा छापील कागद निसटला आणि डॉक्टरने त्यावर इन्सुलिन ठरवलं, तर कोणाच्या तरी जिवावर बेतलं असतं. ताराची दुरुस्ती तयार होती. पण त्यांच्या सॉफ्टवेअरचा सगळा कोड राहायचा एका परदेशी कंपनीच्या जागेत, दुरुस्ती दवाखान्यांत पोचायची ती तिच्याच दारातून, आणि नेमकं आजच ते दार बंद होतं. कंपनी कोणीतरी विकत घेतली होती आणि नव्या मालकाला जुनी कुळं तपासून घ्यायची होती. मदत मागितली तर उत्तर फार नम्र आलं : येत्या आठवड्यात कळवू.

“भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं, सर,” तारा म्हणाली. “किती वर्षं सांगतेय, ओपन सोर्सवालं, फुकटातलं घेऊ, आपल्याच मशीनवर टाकू. कोणाच्या पाया पडायला नको.”

“गाय पाळायची हौस तुझी. शेण कोण काढणार?”

हे सुशांतचं ठरलेलं उत्तर. पैसे मोजावेत आणि झोप घ्यावी, हे त्याचं तत्त्व. पैसे दवाखान्याचे असल्यामुळे ते पाळणं सोपंही जाई. आज मात्र त्याने वाद ओढला नाही. “तुझ्या त्या मशीनवर तू ओपन सोर्सची एक प्रत चालवत होतीस ना? तिथून पाठवता येईल?”

तारा जवळजवळ धावतच स्टोअररूममध्ये गेली आणि सावकाश परत आली. मशीन जागेवर होतं. फक्त त्याचा प्लग काढून तिथे चहाची किटली लावलेली होती, बहुधा रमजानातल्या इफ्तारीपासून.

“त्या मशीनकडे बघायचं कोणी, हे कधी ठरलंच नव्हतं,” ती म्हणाली.

“शेण,” सुशांत हळूच म्हणाला.

तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. “त्या नंबरवर फोन तरी करून बघा.”

फोन लागला. पलीकडे ट्रकचा भोंगा, हमालांची ओरड, आणि मग एक जाड आवाज. “लक्ष्मी-वक्ष्मी कोई नहीं. हम अबू फहद. सुलैबिया बाजार, प्याज का काम. नंबर नया लिया.”

सुशांतने अडचण सांगितली. आवाज सावध झाला. “कोड आया है, हाँ. लेकिन बँकवाला बोलता है, कोड किसी को नहीं देना. तुम चोर नहीं, हम कैसे जाने?”

प्रश्न रास्त होता. कंपनीलाही तो पडला होता, आणि उत्तर तिलाही सापडलं नव्हतं.

“हम अस्पताल का काम करते हैं,” सुशांत म्हणाला. “इंडियन हैं. नाशिक का.”

“नाशिक?” आवाज थांबला. “ठीक. दलाल हमको नाशिक का माल दिया. लाल प्याज. बोला, रखो, चार महीना कुछ नहीं होगा. सब सड़ गया. अब बोलता है, तुम्हारा गोदाम खराब. सच बोलता है?”

सुशांतच्या वडिलांची नाशिकजवळ निफाडला कांदा साठवायची चाळ होती. “झूठ बोलता है,” तो म्हणाला. “लाल कांदा टिकतच नाही. मतलब, लाल रखने का माल नहीं, आया और बेच दिया. जो चाळ में रहता है वो उन्हाळी, गर्मी वाला.”

पलीकडे अरबीत कोणाला तरी चार शब्द ऐकवले गेले. ते कळायला अरबी यायची गरज नव्हती.

“तुम नाशिक का है,” अबू फहद म्हणाला. “लिखो.”

कोड टाकताच कंपनीचं दार उघडलं. ताराने दुरुस्ती पाठवली आणि दोघं पडद्याकडे बघत बसली. थोड्या वेळाने लॅबमधून जुईलीचा फोन आला. साखर बरोबर येतेय, बोटं सुजलीत, आता तुम्ही घरी जा आणि आम्हालाही जाऊ द्या. सुशांत खुर्चीत असा सैल झाला की खुर्ची करकरली. ताराने चपला काढून पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकले.

“आधी तो नंबर बदला,” ती म्हणाली.

सुशांतने स्वतःचा नंबर घातला आणि बोट बटणावरच थांबलं.

“तुमचा इक्कामा मार्चपर्यंतच ना?”

“वाढवतील की. तुझा घालू?”

“आमचं कॅनडाचं चाललंय.”

सुशांतने शेवटी बटण दाबलं. लगेच फोन वाजला.

“सदीक, दोस्त, और एक कोड आया. पूछता है, नंबर बदलना है क्या. बोलूँ?”

“अबू फहद,” सुशांतने विचारलं, “ये नंबर आप कब तक रखेंगे?”

पलीकडे माणूस मनापासून हसला. “हम किधर जाएगा? दुकान इधर, घर इधर, बाप का कबर इधर.”

सुशांतने वळून पाहिलं. ताराने माउसचा बाण ‘नंबर बदल रद्द करा’वर नेऊन ठेवला होता.