वरचा मजला

"घर बांधायचे वेगळे पैसे?" ताईने कपाळाला हात लावला. "अरे, तू राक्षस मारायला निघालेला वीर. तुला घरात बसून काय करायचंय?"

धाकटा नुसता हसला. व्हिडिओ गेममधला घरबांधणीचा जादा भाग त्याने विकत घेतला, तेव्हापासून राक्षस मोकाट सुटले होते आणि हा आपला विटांवर विटा रचत होता. ताईच्या मते पैसे पाण्यात गेले होते. रंगकाम करताना परांचीवरून पडून त्याचे पाय गेले, तेव्हा त्याच्या चाकांच्या खुर्चीसाठी तिने तळमजल्यावर बिऱ्हाड हलवलं होतं. सगळे उंबरे काढून टाकले होते. घरात बोटभरसुद्धा चढ ठेवला नव्हता. याहून आणखी कसलं घर हवं होतं याला?

रविवारी घर बांधून झालं, तशी ती बघायला शेजारी येऊन बसली. आत ना पलंग, ना कपाट.

"नुसते जिनेच जिने! एवढे कशाला रे?"

त्याने बटण दाबलं. वीर दोन-दोन पायऱ्या एका ढांगेत चढत सुटला, वळणावर कठडा धरून गर्रकन फिरला आणि थेट गच्चीवर पोचला. दम मात्र धाकट्याला लागला होता.

"पुन्हा चढ," ताई म्हणाली.

तो पुन्हा चढला. मग आणखी एकदा. ताई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग तिने पर्स जवळ ओढली.

"वर अजून एखादा मजला मिळतो का रे विकत?"