शेवटचा एक हात

“दुपारी लेक येतेय बाळाला घेऊन. आज तरी पाळणा आत येऊ दे,” बायको कामाच्या खोलीच्या दारातूनच म्हणाली.

“झालाच आहे. शेवटचा एक हात फिरवतो,” सुतार म्हणाला.

तिने कपाळावर हात मारून घेतला. हा शेवटचा हात तिने किती वेळा ऐकला होता, देव जाणे. पाळणा असा गुळगुळीत, की माशी बसली तर घसरावी. पण सुतार एकेका दांड्यावरून अंगठा फिरवायचा, काही खुपल्यासारखं वाटलं की पॉलिशपेपर घ्यायचा आणि पुन्हा पहिल्या दांड्यापासून सुरू करायचा. मध्येच कोणी हाक मारली, तरी पहिल्यापासून. हाताच्या घामाने लाकूड काळपट पडलं होतं. दोन दांडे तर घासून घासून इतके बारीक झाले, की काढून नवे बसवावे लागले.

“लोकांची कपाटं बरी वेळेवर देता!”

“ते दारात येऊन उभे राहतात, उचलून नेतात. माझा इलाज चालत नाही.”

“मग हा मी उचलते.”

“कुसळ राहिलंय गं कुठेतरी. बाळाच्या हाताला लागलं म्हणजे?”

“अहो, अति तेथे माती! बाळाला पाळणा हवाय, आरसा नकोय.”

तिने पॉलिशपेपर हिसकावून कचऱ्यात टाकला. परत येऊन बघते तर हा नखाने दांडा खरवडतोय. तिला संताप आला आणि रडूही.

“मला कळत नाही असं वाटतं का तुला?” तो मान वर न करता म्हणाला. “कळतं गं. हात ऐकत नाही.”

ती आत गेली. माळ्यावरून कपड्यांची जुनी वेताची टोपली काढली, पुसली, तळाशी मऊ चादर दुमडून घातली.

“ही कशाला? पाळणा होतोय ना!” पाणी प्यायला आलेल्या सुताराने विचारलं.

“असू दे,” ती म्हणाली.

दुपारी गाडी थांबली. बाळाला छातीशी धरून लेक उतरली आणि आधी कामाच्या खोलीच्या दारात गेली. आई मागोमाग आली. सुतार पाळण्यावर वाकला होता. बाळाकडे बघून तो तोंडभर हसला, पण अंगठा काही दांड्यावरून उचलला नाही.

“आलोच हं. शेवटचा एक हात.”

लेकीने पाळण्याकडे बघितलं, मग आईकडे. आईने नजर चुकवली.

“आई,” लेक हळूच म्हणाली, “तू मला ज्या टोपलीत निजवायचीस, ती आहे ना गं अजून? माझा पाळणा काही झालेला दिसत नाही.”