टिकलीची खूण

"हाही नको," उल्हासराव मऊ, सावकाश आवाजात म्हणाले आणि चौथा लॅपटॉप बाजूला सरकवला.

तनिषाने मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. बर्मिंगहॅमच्या त्या छोट्या दुकानात जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकले जायचे. तिथं नाना तऱ्हेचं गिऱ्हाईक यायचं, पण सत्तरीतल्या या नीटनेटक्या गृहस्थांची तऱ्हाच न्यारी. बॅटरी किती चालते, हे त्यांनी विचारलं नाही. वजन उचलून पाहिलं नाही. प्रत्येक लॅपटॉप उघडायचा, चष्मा वर सरकवायचा आणि स्क्रीनच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्यापाशी नाक नेऊन बघायचं, बस्स.

"काका, डेली यूजसाठी हवाय ना तुम्हाला? ईमेल, पेपर, इंडियाला व्हिडिओ कॉल? मग हा बेस्ट आहे. बॅटरी नवीन टाकलाय. आणि चीप पण," इंग्लंडातच वाढलेली तनिषा आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली.

"चांगला आहे. पण मला एक ठरावीक लॅपटॉप हवाय." उल्हासराव जरा घुटमळले. "माझ्या बायकोचा."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांची बायको मंजिरी फेब्रुवारीत गेली, घरातल्याच जिन्यावरून पडून. उल्हासराव तेव्हा लायब्ररीत होते. परत आले तर ती जिन्याखाली पडलेली. मुलगा प्रणव मँचेस्टरहून आला आणि आईच्या वस्तू बघवेनात म्हणून त्यानं त्या भराभर चॅरिटी शॉपला देऊन टाकल्या. त्यात लॅपटॉपही गेला. तिथले लॅपटॉप या दुकानात येतात, असं उल्हासरावांना चॅरिटी शॉपमध्ये कळलं होतं.

"पण सेम मॉडेल खूप असतात, काका. ओळखणार कसं?"

"टिकलीवरून. बायका झोपताना टिकली आरशाला लावतात ना, तशी ही कॅमेऱ्यावर लावायची. कॅमेरा उघडा राहिला की कोणीतरी बघतं म्हणे. घरात एकच टिकली पुरायची तिला. कॅमेरा लावायचा असला की ती कपाळावर, काम संपलं की परत कॅमेऱ्यावर. मी हसायचो तिला."

बायकोचा लॅपटॉप शोधत दुकानात येणारा नवरा तिनं आजवर पाहिला नव्हता.

"गेली तेव्हा टिकली कपाळावरच होती," उल्हासराव म्हणाले. "माझ्या नंतर लक्षात आलं."

"माझा आजी म्हणायची, तसं जाणं लकी असतं. सवाष्ण का काय ते."

"हो. सगळे तेच म्हणाले."

तनिषा मागच्या खोलीत गेली. विक्रीला न लावलेले लॅपटॉप तिथं रचून ठेवलेले होते. बरीच उचकापाचक केल्यावर एकाच्या कॅमेऱ्याभोवती चिकट, गोल डाग सापडला. डागाच्या कडेला लाल रंग अजून जरासा राहिला होता. तिला एकदम आनंद झाला. ती लॅपटॉप छातीशी धरून धावतच बाहेर आली.

उल्हासरावांनी डागावरून बोट फिरवलं.

"हाच. हा पुसलाय ना? आतलं सगळं?"

"हो काका. आमचा रूल आहे. सॉरी."

"काहीच उरत नाही? कोणी खटपट केली तरी?"

"नाही, काका. काहीच नाही."

त्यांनी डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. तनिषाला ते बघवेना. आजीचे सगळे फोटो असेच एका बिघडलेल्या फोनबरोबर गेले होते, तेव्हापासून ती एक चोरटं काम करायची. बॉसला पत्ता लागला असता तर नोकरीच गेली असती.

"काका, एक सांगू? कोणाला बोलू नका हं. फॅमिलीचं काही दिसलं की पुसायच्या आधी मी कॉपी ठेवते. कधीतरी लोक परत येतात ना, म्हणून. तुमचं पण आहे."

उल्हासराव खुर्चीवर बसले.

"काय आहे त्यात?"

"फोटो आहेत. आणि व्हिडिओ. लास्टवाला 'दियासाठी मोदक' नावाच्या फोल्डरमध्ये आहे. दिया कोण?"

"प्रणवची मुलगी." ते थांबले. "तू पाहिलास?"

"छे! प्रायव्हेट असतं ना ते."

"ही कॉपी आणखी कुठं आहे?"

"कुठंच नाही. फक्त इथं, माझ्या कॉम्प्युटरवर."

"आणि तुझा बॉस?"

"तो आज येत नाही. मी एकटीच आहे."

उल्हासराव उठले, दाराशी गेले आणि त्यांनी आतून कडी लावली. "गार वारा येतोय गं," ते म्हणाले.

"थँक्यू, काका." तनिषा त्यांच्याकडे पाठ करून कॉम्प्युटरपाशी बसली. "फाईल नीट चालते का बघते हं. काकूंचा आवाज ऐका ना, बरं वाटेल तुम्हाला."

"नको," ते म्हणाले. आवाज आता अगदी जवळून आला.

बिचाऱ्यांना सहन व्हायचं नाही, असं तिला वाटलं. पण एकदा ऐकलं की रडून मोकळे होतील. तिनं व्हिडिओ लावला.

स्वयंपाकघर दिसलं. मंजिरीताई टेबलाशी बसून उकड मळत होत्या. कपाळावर लाल टिकली होती, आणि मागच्या उघड्या दारातून जिना दिसत होता.

"हे बघ दिया, उकड गरम असतानाच मळायची," त्या हसून सांगत होत्या. मग त्यांनी मान वळवून जिन्याकडं पाहिलं.

वरच्या मजल्यावरून हाक आली होती. मऊ, सावकाश आवाजात.

"मंजिरी, जरा वर ये गं."