वास हरवलेला गवळी

डॉक्टरांनी अंगावर सोडलेल्या नव्या जिवाणूंनी यशवंता गवळ्याचं गजकर्ण पार बरं केलं. ते घामच खात, म्हणून बुरशीला थारा उरला नाही. पण त्याच्या अंगाला वासही उरला नाही. दुसऱ्या कुणाला हात लावू न देणारी चंद्री म्हैस आता त्यालाच लाथाडू लागली. दूध न निघाल्याने तिची कास तटतटली, तिला ताप चढला. यशवंता गोठ्याबाहेर नुसत्या येरझारा घालत होता.

"जिवाणू मारता येतील, पण गजकर्ण पुन्हा होईल," डॉक्टर म्हणाले.

"होऊ द्या."

"अहो, रात्ररात्र खाजवत होतात!" बायको कळवळली.

"खाजेनं मी मरत नव्हतो. ती मरेल."

जिवाणू मारायच्या औषधाने दुसऱ्याच दिवशी त्याच्या अंगाला पुन्हा घामाचा वास आला. तो भीतभीत चंद्रीजवळ बसला. तिने त्याचा खांदा हुंगला, चाटला आणि पान्हा सोडला.