गाडीशेजारी

"भाऊजी, गाडीचाच डाव आला! नशीब जोरावर आहे आज," टीव्हीवरच्या ऑनलाइन खेळातून मेव्हणा त्याच्या घरून ओरडला.

नशिबाचा काही संबंध नव्हता. मारामारीचा डाव आला की मेव्हण्याला एकदम कंटाळा यायचा. एकाच जिवाचा डाव आला की सोबत खेळणाऱ्या ढोल्याचं नेट जायचं. मग सगळे बाहेर पडायचे, पुन्हा आत शिरायचे, गाडी येईपर्यंत. का, ते कुणी कुणाला विचारत नसे.

गाडीच्या डावात नेम नसला तरी चालतो. आपलं माणूस शेजारी असलं की गाडी आपली आपण पुढे जाते. कुणीच नसलं की थांबते आणि हळूहळू मागे सरते. शेजारच्याने फक्त चालायचं. आणि चालायला एक अंगठा पुरतो.

पलंगावर उशांना टेकवून बसवलेल्या त्याच्याकडे तेवढाच उरला होता. आधी पाय गेले, मग डावा हात, मग जिभेची धार. बायकोने कंट्रोलर पाटाला चिकटपट्टीने बांधला, मनगटाखाली मऊ कापडाची घडी सरकवली, आणि पाखराचं पिल्लू घरट्यात परत ठेवावं तसा त्याचा अंगठा उचलून दांडीवर ठेवला. याच अंगठ्याने तो क्रेन चालवायचा. हवेतला लोखंडाचा भारा जमिनीला कळू न देता जमिनीवर ठेवायचा.

डाव सुरू झाला. कमानीतून गाडी निघाली. मेव्हणा पुढे, ढोल्या बाजूला, आणि चौथा खेळानेच कुठून तरी आणून जोडलेला, अनोळखी.

"चला, उस्ताद," ढोल्या म्हणाला. यार्डात तो क्रेनखाली साखळ्या अडकवायचा. अजूनही वर बघून बोलल्यासारखा बोलायचा.

पडद्यावरचा त्याचा माणूस जागचा हलला नाही.

बायकोने अंगठ्याकडे पाहिलं. दांडीवरच होता. नुसता होता.

गाडी तिघांसोबत पुढे गेली.

"ए, मागे हा कुणाचा पुतळा उभा केलाय?" अनोळखी म्हणाला. "हार घालायचाय का?"

"आमच्या घरचे जावई आहेत. रुसल्याशिवाय निघत नाहीत," मेव्हणा म्हणाला. "भाऊजी, या ना आता. किती भाव खाता!"

"काढून टाका राव त्याला. मत घ्या आणि काढा."

"तुला काढू का आधी?" मेव्हण्याच्या आवाजातली थट्टा संपली होती.

बायकोने माइक तळव्याने झाकला. दुसऱ्या हाताचा अंगठा त्याच्या अंगठ्यावर ठेवला, जरासा दाबला. पडद्यावरचा माणूस एक पाऊल चालला.

"नको," तो म्हणाला. त्याचे शब्द हल्ली सैल, ओले यायचे. तिलाच काय ते कळायचे.

"अहो, थोडंसंच. त्यांना कुठे दिसतंय?"

"दांडीवर... एकाचाच हात."

केबिनमध्ये शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी हेच सांगायचा. दांडीवर दोघांचे हात पडले की खालचा माणूस जातो.

तिने अंगठा काढून घेतला. "मग हलवा ना!" ती म्हणाली. आवाज चढला, आणि चढलेला तिचा तिलाच ऐकू आला.

तो हलवत होता. कपाळ घामाने भिजलं होतं, मानेची शीर ताठ झाली होती. अख्खा माणूस आतून येऊन त्या अंगठ्याच्या दाराशी उभा होता, आणि दार उघडत नव्हतं.

वळणावर समोरच्यांनी गाठलं. अनोळखी आधी गेला, शिव्या देत. मग ढोल्या. शेवटी मेव्हणा. "मेलो! भाऊजी, गाडी आता तुमच्या हवाली!"

गाडीपाशी कुणी उरलं नाही. ती थांबली. मग आल्या वाटेने मागे सरू लागली.

समोरच्या संघातला एकजण पळत कमानीपर्यंत आला. उभा माणूस पाहून त्याने बंदूक रोखली. माणूस हलला नाही. त्याने बंदूक खाली घेतली, माणसाच्या तोंडासमोर गिरकी मारून नाच केला, आणि निघून गेला.

"मारलं... पण नाही," तो पलंगावरून म्हणाला.

"गोळी वाचवली मेल्याने."

गाडी मागे येत येत त्याच्यापाशी आली. शेजारी आपलं माणूस दिसलं, तशी थबकली आणि पुढे निघाली. चार हात गेली असेल. सोबत कुणी नाही, तशी थांबली. मागे आली. माणूस तिथेच. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. दोरी कुणाच्याच हाती नसताना पाळणा हलत राहावा, तशी.

खेळात मेलेल्याला परत येईपर्यंत मैदान दिसत नाही. गाडी कुठवर आली ते सांगणारी वरची पट्टी तेवढी दिसते.

"हलली!" मेव्हण्याचा आवाज फाटला. "ताई, पुढे हलली गाडी! भाऊजी चालवतायत?"

"उस्ताद आहेत ते," ढोल्या म्हणाला. "मी म्हणत नव्हतो?"

तिने माइकवरचा तळवा काढला. अंगठ्याकडे पाहायचं टाळलं.

"हो," ती म्हणाली. "तेच चालवतायत."

तो तिच्याकडे बघत नव्हता. पडद्यावर गाडी पुढे गेली, थांबली, मागे आली.