कुत्रा कोणाचा?

"कुत्रा कोणाचा?" विमावाल्या बाई आणि घरमालक दातारकाका एकदमच म्हणाले. सकाळी गुंड्यानं लाडात येऊन शेजारच्या मालूताईंवर उडी घेतली होती, आणि त्या बिचाऱ्या जिन्यात पडून हात मोडून बसल्या होत्या.

"आमचा" म्हणावं, तर त्यांच्या दवाखान्याचा खर्च बाबांचा घरविमा देणार. पण कुत्रा न पाळण्याच्या अटीवर मिळालेलं हे घर हातचं जाणार. ऋजुतानं बाबांना डोळ्यांनीच विनवलं.

"भटका आहे हो," बाबा म्हणाले.

"मग बोलावतोच महापालिकेची गाडी!" काका तावातावानं म्हणाले.

"बाबा..." ऋजुतानं त्यांची बाही ओढली.

बाबांचा आवाज ऐकून गुंड्या मात्र शेपटी हलवत आत आला आणि त्यांच्याच पायांवर डोकं टेकून निवांत पसरला.

बाबांनी पाय मागे घेतले.