शुभेच्छुक

माळावर पोलिसांनी एका दरोडेखोराला गोळी घातल्याची बातमी सकाळी आली आणि दुपारी आमच्या मंडळाचा फ्लेक्स चौकात लागला : ‘जागेवर न्याय करणाऱ्या पोलिसांचे हार्दिक अभिनंदन!’ मंडळातल्या शुभेच्छुकांचे फोटो फ्लेक्सवाल्याकडे कायमचेच असतात. वाढदिवस असो की अभिनंदन, रांग तीच. त्यात जो तो फक्त आपला फोटो बघतो.

संध्याकाळी प्रेताची ओळख पटली. दरोडेखोर नव्हताच तो. आमच्याच वस्तीवरचा बिरदेव होता. कुपवाडच्या कारखान्यातून घरी येताना अंधारात कुणी दरडावलं, म्हणून घाबरून पळाला. हातात जेवणाचा रिकामा डबा. आम्ही गुपचूप फ्लेक्स उतरवला आणि मंडळाचे अध्यक्ष लालासाहेब यांच्या जीपमध्ये टाकला.

तिसऱ्या दिवशी त्याच्या आईला, बयाबाईला, भेटायला गेलो. अंगणात अंथरायला काही नव्हतं. लालासाहेबांनी जीपमधला फ्लेक्स आणून पालथा टाकला. आम्ही माना खाली घालून बसलो.

“पर पळायचंच कशाला, म्हंतो मी?” लालासाहेब हळूच म्हणाले.

वाऱ्यानं फ्लेक्सचा कोपरा उलटला. उंबऱ्यात बसलेली बयाबाई उठून आली आणि वाकून बघत राहिली. रांगेतला शेवटचा शुभेच्छुक गॉगल लावून हसत होता. त्याचे जोडलेले हात लालासाहेबांच्या मांडीखाली राहिले होते. तिनं पदरानं त्याच्या तोंडावरची माती पुसली.

“आवं लालासाहेब,” ती म्हणाली, “जरा सरकून बसा. माझ्या बिरदेवावर बसलाय तुमी.”